पायाची धमनी : शस्त्रक्रियेपूर्वीं आणि नंतर

मानखुर्द स्थानकाचा पूल चढतांना एखादा पन्नाशींतला गृहस्थ मधेंच थांबतो, कठड्याला धरून दोन मिनिटें उभा राहतो आणि पुन्हां चालूं लागतो. पाहणाऱ्यास वाटतें, दम लागला. वस्तुतः त्याच्या पोटरींत गोळा आलेला असतो. विसाव्यानें तो जातो, चालण्यानें परत येतो. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आंतून अरुंद झाल्याची ही पहिली खूण होय. पुढें रात्रीं झोपेंतहि पाऊल ठणकतें, अंगठ्याची जखम भरत नाहीं आणि अखेरीस बोटें काळीं पडतात. मग प्रश्न पायाचा राहत नाहीं, त्या पायावर चालणाऱ्या संसाराचा होतो.

याचीं कारणें दूर शोधावयास नकोत : तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि रक्तांतील चरबी. विडी ओढणाऱ्या तरुणांत लहान रक्तवाहिन्या बुजविणारा आणखी एक रोग आढळतो. त्याचें वर्णन न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनीं १९०८ सालीं केलें. दांतांस मिश्री लावणारी स्त्री मात्र ‘तंबाखू घेतां का ?’ या प्रश्नास निःशंकपणें ‘नाहीं’ म्हणते, कारण तिच्या लेखीं मिश्री ही तंबाखू नव्हेच !

तुंबलेल्या धमनीस वळसा देऊन रोग्याच्याच पायाची शीर जोडण्याची शस्त्रक्रिया पॅरिसमध्यें झां कुनलँ यांनीं १९४८ सालीं केली. रस्ता खोदलेला असतां वाहतूक बाजूच्या गल्लींतून वळवावी, तसा हा प्रकार. १९६४ सालीं अमेरिकेंत चार्ल्स डॉटर यांनीं त्वचेंतून नळी घालून धमनी रुंद करून दाखविली. परंतु शस्त्रवैद्याचें काम कांहीं तासांत संपतें. रोग्याचें त्याच्या आधीं सुरू होतें आणि नंतर पुष्कळ दिवस चालतें.

शस्त्रक्रिया उत्तम होऊनहि रोगी इतके दिवस अंथरुणास कां खिळतो, हा प्रश्न डेन्मार्कचे शस्त्रवैद्य हेन्रिक केहलेट यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस विचारला. उत्तर एखाद्या नव्या औषधांत सांपडलें नाहीं. अनेक लहान गोष्टी एकदम नीट करण्यांत सांपडलें. आरंभीं आंतड्यांच्या शस्त्रक्रियांत रुजलेला हा विचार पुढें धमन्यांच्या शस्त्रक्रियांपर्यंत पोंचला.

त्या गोष्टी साध्या आहेत. निदान चार आठवडे आधीं विडी सुटावी, साखर आटोक्यांत यावी, अशक्तता व रक्ताची उणीव भरून निघावी. आदल्या रात्रीपासून कडकडीत निर्जळी ही आपल्याकडील जुनी समजूत. सामान्यतः घन अन्न सहा तास आणि साधें पाणी दोन तास आधीं बंद केलें तरी पुरतें. मधुमेह्यानें मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांस विचारूनच वागावें. टेबलावर अंग उबदार राखावें, शक्य तेथें कमरेखालचाच भाग बधिर करावा, लघवीची नळी लवकर काढावी, अन्न लवकर द्यावें आणि बहुधा दुसऱ्याच दिवशीं रोग्यास उभें करावें. आप्तमंडळींस हें निर्दयपणाचें वाटतें. ‘आतां पडून राहूं द्या’ असें प्रेमानें म्हणणारेच त्याच्या शिरांत गुठळी आणि छातींत कफ सांठविण्यास हातभार लावीत असतात.

घरीं आल्यावर जांघेंतील जखम कोरडी ठेवावी. पाय सुजतो, बसतांना तो उंच ठेवावा. पाऊल एकाएकीं गार, पांढरें पडलें व दुखूं लागलें तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. पाय बरा झाला म्हणून ॲस्पिरिन व चरबी उतरविणाऱ्या गोळ्या आपल्या मनानें सोडूं नयेत. डॉक्टरांच्या अनुज्ञेनें आठवड्यांतून तीनदां, तीस ते पंचेचाळीस मिनिटें चालावें. गोळा आला कीं थांबावें, गेला कीं पुन्हां निघावें. हा क्रम निदान बारा आठवडे चालावा.

मानखुर्दच्या माणसास हें सारें सांगणें सोपें, करणें अवघड. जवळचें पालिकेचें शताब्दी रुग्णालय गोवंडीस. मोठ्या उपचारासाठीं कुर्ल्यास गाडी बदलून शीवचें लोकमान्य टिळक रुग्णालय, नाहीं तर परळचें केईएम गांठावें लागतें. प्रत्येक फेरींत एका दिवसाची मजुरी बुडते. वस्तींतील माळ्यावरची खोली उभ्या लोखंडी शिडीनें गांठावयाची असते. पुनर्वसनाच्या उंच इमारतींत उद्वाहन बंद असलें तर सातवा मजला पायांनींच चढावा लागतो. म्हणून घरीं धाडण्यापूर्वीं रोग्यास ‘दुखतें का ?’ याबरोबरच ‘घरीं पायऱ्या किती ?’ हेंहि विचारावें आणि तितक्या पायऱ्या रुग्णालयाच्याच जिन्यावर, कोणी शेजारीं उभें असतांना, एकदां चढवून पाहाव्या.