अंगणात सदाफुली की बकुळ?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की घरापुढच्या रिकाम्या जागेकडे कुटुंबातील सर्वांचे लक्ष वळते. जागा थोडी, पाणी मोजके आणि हौस मात्र मोठी, अशी शहरांतील व तालुक्याच्या गावांतील बहुतेक कुटुंबांची स्थिती असते. अशा वेळी रोपवाटिकेत जाऊन जे रोप फुललेले दिसेल ते उचलून आणण्याकडे स्वाभाविकच कल होतो. परंतु हंगामापुरते आणलेले रोप आणि दोन पिढ्यांसाठी लावलेला वृक्ष यांना एकच कसोटी लावून चालत नाही. हा फरक ध्यानी यावा म्हणून आपल्या परिसरात सर्वत्र आढळणारी दोन उदाहरणे येथे घेतली आहेत. एक आहे बारमाही फुलणारे लहानसे रोप, सदाफुली. दुसरी आहे सुगंधी फुले व नारिंगी फळे देणारी, शोभेसाठी व सावलीसाठी लावली जाणारी बकुळ.

पाहुणी आणि घरची

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. ती आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटाच्या कडेला, एवढेच काय पण भिंतीच्या भेगेतही ती उगवते आणि गुलाबी वा पांढरी पाच पाकळ्यांची फुले वर्षभर मिरवते. तिची उंची सर्वसाधारणपणे हात-दीड हात एवढीच असते.

बकुळ मात्र याच भूमीची. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात ती आपोआप वाढते. कोकणात आणि गोव्यात तिला ओवळ या नावाने ओळखतात. चिकू ज्या कुळातला, त्याच कुळातली ही वनस्पती होय. दाट, गोलसर व सदैव हिरवा पर्णसंभार हे तिचे वैशिष्ट्य. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष आपल्या घराची ओळख सांगताना अंगणातील रक्ताशोकाचा व केसरवृक्षाचा उल्लेख करतो. हा केसर म्हणजेच बकुळ. घर ओळखावे ते दारच्या झाडावरून, ही कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे हे यावरून दिसून येते.

फूल केव्हा, फळ कोणते?

फुलांची घाई असेल तर सदाफुलीला पर्याय नाही. बी पेरल्यापासून काही महिन्यांतच ती फुलू लागते. तिच्या बारीक शेंगा तडकून बी आपोआप जमिनीवर पडते व पुढच्या पावसात नवी रोपे तयार होतात. शेंडे अधूनमधून खुडल्यास रोप पसरट व भरगच्च होते. दोन-तीन वर्षांनी मात्र त्याचा बुंधा लाकडासारखा होऊन फुले विरळ होतात. तेव्हा जुने रोप काढून नवे लावावे हेच उत्तम.

बकुळीच्या बाबतीत संयम हवा. ती सावकाश वाढते आणि बियांपासून केलेले झाड फुलावर येण्यास अनेक वर्षे लागतात. तिचे फूल मळकट पांढरे, नखाएवढे. लांबून पाहता ते दिसतही नाही. परंतु पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि त्यांचा सुगंध फुले सुकल्यानंतरही टिकून राहतो. म्हणूनच बकुळीचे वाळलेले गजरे कपाटात वा पुस्तकात जपून ठेवण्याची रीत पडली. फुलांमागून येणारी अंडाकृती फळे पिकल्यावर पिवळसर नारिंगी होतात. त्यांचा गर पिठूळ, गोड व किंचित तुरट असतो. बाजारात या फळांना मोल नाही; पण मुले ती आवडीने खातात आणि पक्षी व वटवाघळेही त्यांवर येतात.

पाणी आणि जागा

सदाफुलीला ऊन भरपूर लागते, पाणी बेताचे पुरते. साचलेले पाणी तिला मुळीच मानवत नाही. मुळे कुजून रोप मरते. कुंडीत, डब्यात किंवा वाफ्यात एक-एक फूट अंतरावर ती चांगली वाढते. गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे कुंपण नसलेल्या अंगणातही ती टिकते.

बकुळीसाठी उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून त्याला ऊन द्यावे. नंतर माती व कुजलेले शेणखत भरून पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावावे. पहिले दोन-तीन उन्हाळे कसोटीचे. या काळात पाणी नियमाने द्यावे लागते. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात वात घातलेले मडके रोपाशेजारी पुरले आणि बुंध्याभोवती पालापाचोळा पसरला, तर थोड्या पाण्यात काम भागते. गुरांपासून संरक्षणासाठी काटेरी कुंपण आवश्यक. झाड एकदा मुळावले की त्याचा पाण्याचा भार घरावर राहत नाही. उलट त्याच्या सावलीने अंगण थंड राहते.

जागेचा विचार याहून महत्त्वाचा. बकुळीचा विस्तार पुढे तीस-चाळीस फूट उंचीपर्यंत जातो. भिंत, पाण्याची टाकी, सांडपाण्याचे नळ व विजेच्या तारा यांपासून किमान बारा ते पंधरा फूट अंतर राखूनच ती लावावी. एवढी जागा नसल्यास मोह आवरावा हेच श्रेयस्कर.

औषधी गुण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

या दोन्ही वनस्पतींच्या अंगी चीक आहे आणि दोहोंचीही औषधी म्हणून ख्याती आहे. मात्र त्यांचे गुणधर्म अगदी भिन्न आहेत. बकुळीची साल दात व हिरड्यांच्या विकारांवर आयुर्वेदात सांगितली असून तिचे फळ खाण्याजोगे आहे. सदाफुली मात्र विषारी आहे.

सदाफुलीची पाने मधुमेहावर गुणकारी असल्याचा समज जगात अनेक ठिकाणी होता. त्याचीच पारख करण्यासाठी १९५०च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर या संशोधकांनी जमैकातून आलेल्या पानांच्या अर्काचे प्रयोग उंदरांवर केले. साखर कमी झाल्याचे आढळले नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. या अनपेक्षित निष्कर्षातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. पाठोपाठ याच वनस्पतीतून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन अमेरिकेत १९६३ साली वापरात आले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात ते आजही प्रमुख स्थानी असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या दोन्ही औषधांचा समावेश आहे.

तथापि, ही औषधे पानांतून अत्यल्प प्रमाणात मिळतात आणि शुद्ध केल्यावर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेवाटे दिली जातात. कुंडीतली चार पाने सकाळी चावून खाणे हा त्यास पर्याय नव्हे. पेशींची वाढ रोखणारे जे द्रव्य रोग्यास तारक ठरते, तेच निरोगी माणसास मारक ठरू शकते. गरोदर स्त्रियांनी व मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर या घरगुती उपायापासून कटाक्षाने दूर राहावे. लहान मुले पाने-फुले तोंडात घालणार नाहीत, अशा ठिकाणी कुंड्या ठेवाव्यात. बकुळीची साल सोलून नेणाऱ्यांनाही आवर घालावयास हवा. बुंध्याभोवतीची साल सगळीकडून निघाली की वृक्ष वाळून जातो.

कायद्याची बाजू

सदाफुली आज लावली व उद्या उपटली तरी कोणाची परवानगी लागत नाही. वृक्षाचे तसे नाही. नागरी भागातील झाडे, मग ती खाजगी आवारातील का असेनात, ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. २०२१ मध्ये या अधिनियमात सुधारणा होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण देण्यात आले. बकुळीचा खड्डा खणताना आपण किती दीर्घ मुदतीचा निर्णय घेत आहोत, याची कल्पना यावरून यावी.

निवड कशी करावी?

भाड्याचे घर, गच्ची वा गॅलरी एवढीच जागा आणि टंचाईचे पाणी, अशा ठिकाणी सदाफुली योग्य. स्वतःचे मोकळे आवार असेल तर बकुळ लावावी आणि ती मोठी होईपर्यंत तिच्याभोवतीच्या उन्हात सदाफुलीचा वाफा करावा. सावली दाट होईल तशी सदाफुली आपोआप मागे हटेल. तोवर तिने अंगण उजाड राहू दिलेले नसेल.

शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती व शासकीय निवासस्थाने यांच्या आवारात मात्र बकुळीचाच विचार प्रथम व्हावा. तेथील माणसे बदलत राहतात आणि ‘आपण येथे किती दिवस?’ या विचाराने कोणीच वृक्ष लावत नाही. परिणामी वर्षानुवर्षे नव्या कुंड्या येतात, जुन्या फुटतात आणि आवार उघडेच राहते. बदली होऊन जाणाऱ्याने आपल्या मुक्कामातील तीन उन्हाळे एका रोपाला पाणी घातले, तरी ते पुढे कोणावाचून अडून राहत नाही. त्याची फुले वेचणारी मुले लावणाऱ्याचे नाव जाणणार नाहीत. परंतु दुपारची सुट्टी त्यांना उन्हात काढावी लागणार नाही.