दहा मिनिटांचा माहितीपट, एकेचाळीस वर्षांचा खटला

अमेरिकेत ‘नॅशनल हिस्टरी डे’ ही शालेय स्पर्धा १९७४ मध्ये क्लीव्हलँडला सुरू झाली. त्यातल्या माहितीपटाच्या गटात माहितीपट दहा मिनिटांत बसवायचा. संशोधन, निवेदन, संकलन सारं मुलांनीच करायचं. या स्पर्धेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००४ चा एक माहितीपट.

इलिनॉयमधल्या स्टीव्हनसन हायस्कूलच्या तीन मुलींनी, बॅरी ब्रॅडफर्ड या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली, मिसिसिपीतलं एक हत्याकांड विषय म्हणून घेतलं. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी झटणाऱ्या जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तरुणांना २१ जून १९६४ च्या रात्री कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी ठार केलं. ४४ दिवसांनी त्यांचे मृतदेह मातीच्या बांधाखाली सापडले. राज्य सरकारने तेव्हा कुणावरही खुनाचा खटला भरला नाही. १९६७ मध्ये केंद्राने नागरी हक्कभंगाच्या कटाचा खटला चालवला, त्यात सात जण दोषी ठरले. सूत्रधार मानला गेलेला धर्मोपदेशक एडगर रे किलेन मात्र सुटला. ज्युरीतले अकरा जण त्याच्या विरोधात होते. बारावी बाई अडून बसली. धर्मोपदेशकाला दोषी ठरवणं तिच्या मनाला पटेना.

पुस्तकांतल्या माहितीवरही दहा मिनिटं सहज भरली असती. मुली तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली, प्रकरणाशी संबंधित हयात माणसांना गाठलं. ब्रॅडफर्ड यांनी तर खुद्द किलेनची मुलाखत मिळवली. हा खटला पुन्हा का उघडायला हवा, याची कारणं माहितीपटाने मांडली.

‘शाळकरी मुलींनी खुनी पकडला’ असं कुणी म्हणालं की मला ते खटकतं. ‘क्लॅरियन-लेजर’चे पत्रकार जेरी मिचेल वर्षानुवर्षं या प्रकरणाच्या मागे होते. मृतांच्या घरच्यांनी आशा सोडलेली नव्हती. मिसिसिपीतल्या ज्या फिलाडेल्फिया गावाजवळ हे हत्याकांड घडलं, तिथले गोरे-काळे रहिवासीही २००४ मध्ये एकत्र येऊन न्याय मागत होते. मुलींचं काम या प्रयत्नांना येऊन मिळालं, आणि तेही वेळेवर. कारण साक्षीदार एकेक करून जात होते.

जानेवारी २००५ मध्ये किलेनला अटक झाली. २१ जून २००५ ला, हत्याकांडाला बरोबर ४१ वर्षं झाली त्या दिवशी, तो सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. शिक्षा झाली साठ वर्षांची. जानेवारी २०१८ मध्ये तो तुरुंगातच मेला. त्या खटल्यात साक्ष द्यायला जेम्सच्या आई, फॅनी ली चेनी, आल्या होत्या. त्यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती.