चौदा विजय आणि एक शनिवार

नॅशनल फुटबॉल लीगच्या २०१९ च्या मोसमात बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ बाकीच्या ३१ संघांपेक्षा सरस होता, याबद्दल त्या वर्षीच्या डिसेंबरात फारसं कुणाचं दुमत नव्हतं. पहिल्या चार सामन्यांत दोन पराभव पदरी आल्यावर त्यांनी पुढचे १२ सामने सलग जिंकले आणि साखळी १४ विजयांवर संपवली. सामन्यामागे त्यांची सरासरी ३३ गुणांची होती, लीगमध्ये सर्वाधिक. चेंडू हातात घेऊन धावत त्यांनी ३,२९६ यार्ड कापले. एका मोसमात एवढं अंतर लीगच्या इतिहासात कुठलाच संघ धावला नव्हता. लामार जॅक्सन हा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. त्याने ३६ टचडाउन पास (चेंडू समोरच्याच्या अंतिम रेषेपार पोचवणारे पास) फेकले आणि वर स्वतः १,२०६ यार्ड धावून क्वार्टरबॅकांचा विक्रम मोडला. मग बाद फेरी आली. ११ जानेवारी २०२० च्या शनिवारी रात्री, घरच्याच मैदानावर, टेनेसी टायटन्सने त्यांना २८-१२ असं हरवलं आणि मोसम तिथेच संपला. टायटन्स साखळीत जेमतेम ९ सामने जिंकून, आपल्या गटातल्या सहाव्या आणि शेवटच्या जागेवरून बाद फेरीत आले होते. त्या रात्रीपासून रेव्हन्सच्या मोसमाला एक शेरा चिकटला: साखळीत वाघ, बाद फेरीत शेळी. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. तो एका संघावर जितका अन्याय करतो, त्याहून अधिक खेळातलं श्रेष्ठत्व ओळखण्याची आपली नजर बिघडवतो.

सामना नेमका कुठे फिरला हे कळायला या खेळाचा एक नियम ठाऊक हवा. चढाई करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्या वेळी बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटतात, किंवा गोलखांब टप्प्यात असतील तर किक मारून तीन गुण खिशात टाकतात. कारण चौथा प्रयत्न फसला, की चेंडू जागच्या जागी समोरच्याच्या हाती जातो. रेव्हन्सचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ यांनी ही सावधगिरी बाजूला ठेवली होती. एखादाच यार्ड हवा असेल तर चेंडू सोडून देण्यापेक्षा धडक मारणं दीर्घकाळात फायद्याचं ठरतं, असं आकडे सांगत होते आणि हार्बॉ त्या आकड्यांवर विसंबून राहण्याचं धाडस करत होते. त्यात जॅक्सनसारखा खेळाडू. तो चेंडू साथीदाराच्या पोटाशी धरतो, आणि सोडणार की स्वतःच घेऊन पळणार हे बचावपटूला शेवटच्या क्षणापर्यंत उमगत नाही. सबंध साखळीत चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना रेव्हन्सने आठ वेळा धडक मारली होती आणि आठही वेळा तो यार्ड मिळवला होता.

त्या शनिवारी हाच डाव दोनदा उलटला. पहिल्या चढाईत जॅक्सनचा थोडा उंच गेलेला पास साथीदार मार्क अँड्र्यूजच्या बोटांना लागून उडाला आणि टायटन्सच्या केव्हिन बायर्डच्या हातात पडला. त्यातून टायटन्सने टचडाउन केलं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला रेव्हन्स स्वतःच्या ४५ यार्ड रेषेवर होते, चौथा प्रयत्न, हवा होता एक यार्ड. जॅक्सन मधोमध घुसला आणि टायटन्सच्या भिंतीवर अडला. लगेचच्या खेळीत टायटन्सचा क्वार्टरबॅक रायन टॅनेहिलने ४५ यार्डांचा थेट टचडाउन पास फेकला, १४-०. मध्यंतरापर्यंत दोन किक मारून रेव्हन्सनी सहा गुण केले. तिसऱ्या सत्रात ते टायटन्सच्या १८ यार्ड रेषेपर्यंत पोचले, पुन्हा चौथा प्रयत्न, पुन्हा एकच यार्ड, आणि पुन्हा जॅक्सन अडवला गेला. पाठोपाठ टायटन्सचा धिप्पाड डेरिक हेन्री ६६ यार्ड धावत गेला, आणि थोड्याच वेळात याच हेन्रीने, ज्याचं काम पळण्याचं, उडी मारून पास फेकला आणि टचडाउन करवलं. २१-६. त्यापुढे जॅक्सनच्या हातून चेंडू निसटला आणि गुणफलक २८-६ झाला. रेव्हन्सनी एकूण ५३० यार्ड मजल मारली, टायटन्सनी ३००. एवढं अंतर कापूनही १६ गुणांनी हरणं या खेळात फार दुर्मीळ. मैदानाच्या मधल्या भागात रेव्हन्स हुकमी चालत होते. चेंडू गमावला तो नेमक्या महागड्या जागी, आणि चौथ्या प्रयत्नाच्या चारही वेळा त्यांचे हात रिकामे राहिले.

आता साधा हिशेब करून पाहू. समजा, एखादा संघ इतका बलाढ्य आहे की बाद फेरीत पोचलेल्या कुठल्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पाच सामन्यांपैकी चार तो जिंकेल. फार मोठी झेप आहे ही, कारण समोर येणारे संघही निवडकच असतात. अव्वल मानांकन असलेल्या संघाला पहिली फेरी खेळावी लागत नाही, तरी अजिंक्यपदासाठी तीन सामने ओळीने जिंकावे लागतात. ८० टक्क्यांचा ८० टक्के, त्याचा पुन्हा ८० टक्के. उत्तर येतं ५१. म्हणजे असा संघसुद्धा जवळजवळ दर दुसऱ्या वर्षी रिकाम्या हाताने परतणार. शक्यता चारातल्या तीनवर आणली तर अजिंक्यपदाची आशा ४२ टक्क्यांवर घसरते. आपण मात्र साखळीतला दबदबा पाहून मनातल्या मनात करंडक आधीच देऊन टाकतो, आणि तो हुकला की फसवणूक झाल्यासारखे रागावतो.

इतिहासही हेच सांगतो. लीगमध्ये १९७८ ते २०२० या काळात प्रत्येक संघ साखळीत १६ सामने खेळत असे (१९८२ आणि १९८७ ही संपाची दोन वर्षं सोडून). त्या सगळ्या काळात फक्त सात संघांनी १५ किंवा अधिक सामने जिंकले. त्यांतल्या दोघांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला: १९८४ चा सॅन फ्रान्सिस्को आणि १९८५ चा शिकागो. मिनेसोटा १९९८, पिट्सबर्ग २००४, न्यू इंग्लंड २००७, ग्रीन बे २०११ आणि कॅरोलिना २०१५ हे पाच संघ हरले. न्यू इंग्लंडने तर साखळीतले सोळाच्या सोळा जिंकले होते, आणि सुपर बोलमध्ये न्यू यॉर्क जायंट्सकडून १७-१४ अशी हार खाल्ली. मिनेसोटाची कथा अधिक चटका लावणारी. गॅरी अँडरसन हा त्यांचा किकर सबंध साखळीत एकदाही चुकला नव्हता. अटलांटाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत ३८ यार्डांवरून मारलेली त्याची किक डावीकडून बाहेर गेली आणि जादा वेळेत मिनेसोटा ३०-२७ असं हरलं. सातांत दोनच, हे पाहून कुणी म्हणेल की मोठ्या संघांना यशाची धुंदी चढते, दडपणाखाली ते मोडतात. पण प्रत्येकाची शक्यता निम्मी धरली, तर सातांतून दोन किंवा त्याहून कमी जिंकण्याची वेळ शंभरात २२-२३ वेळा येतेच. त्यासाठी धुंदीचं किंवा मनाच्या कच्चेपणाचं स्पष्टीकरण शोधायची गरज नाही.

याच रेव्हन्स क्लबचा २०१२ चा मोसम आठवला तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तेव्हाही प्रशिक्षक हार्बॉच होते. साखळीत १० विजय, ६ पराभव, शेवटच्या पाच सामन्यांपैकी चार हरलेले. बाद फेरीत ते डेन्व्हरला गेले, जिथला संघ १३ सामने जिंकलेला आणि सलग ११ विजयांवर होता. अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेली, रेव्हन्स सात गुणांनी मागे. त्यांचा क्वार्टरबॅक जो फ्लॅकोने लांबवर चेंडू भिरकावला, डेन्व्हरच्या बचावपटूचा अंदाज चुकला, चेंडू त्याच्या डोक्यावरून रेव्हन्सच्या जकोबी जोन्सच्या हातात पडला आणि ७० यार्डांचं टचडाउन झालं. दुसऱ्या जादा सत्रात रेव्हन्स ३८-३५ असे जिंकले आणि पुढे सुपर बोलही त्यांनीच घेतला. बाल्टिमोरमध्ये तो झेल आजही जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि डेन्व्हरच्या त्या मोसमावर अपयशाचा शिक्का बसला. चेंडू एक हात खाली राहिला असता तर दोन्ही शहरांनी शब्दांची अदलाबदल केली असती. बायर्डच्या हातात पडलेला पास आणि जोन्सच्या हातात पडलेला पास यांत, नशिबाच्या बाजूने पाहिलं तर, फरक फार थोडा आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. नशिबाचं नाव घेऊन तुम्ही टायटन्सचं श्रेय हिरावून घेताय, आणि रेव्हन्सच्या चुका झाकताय. यात तथ्य आहे. हेन्री त्या सामन्यात १९५ यार्ड धावला, आदल्या आठवड्यात न्यू इंग्लंडविरुद्ध १८२. ते काही चेंडूच्या उसळीने होत नाही. टायटन्सचा बचाव रेषेवर उभा राहून रेव्हन्सपेक्षा ताकदीने खेळला. आणि रेव्हन्सनी आपला स्वभाव सोडला, हेही खरं. साखळीत जॅक्सन सामन्यामागे सुमारे २७ पास फेकत असे. त्या रात्री त्याने ५९ फेकले. त्याने स्वतः २० वेळा धाव घेतली, पण मार्क इन्ग्राम आणि गस एडवर्ड्स या खास धावणाऱ्या खेळाडूंच्या हाती चेंडू दोघांत मिळून फक्त नऊ वेळा गेला. इन्ग्रामची पोटरी दुखावलेली होती, तरी नऊ हा आकडा फारच तोकडा. दुसऱ्या सत्रात १४ गुणांची पिछाडी म्हणजे काही आकाश कोसळलं नव्हतं. धावत राहायला भरपूर वेळ होता. दुसऱ्याच दिवशी कॅन्सस सिटी चीफ्स ह्यूस्टनविरुद्ध ०-२४ असे मागे पडले आणि ५१-३१ असे जिंकले, पुढे अजिंक्यही ठरले. मात्र चीफ्सचा खेळ मुळातच पासवर उभा होता, त्यामुळे मागे पडल्यावर त्यांना काही वेगळं करावं लागलं नाही. सतत आघाडीवर राहिलेल्या रेव्हन्सना पाठलागाचा सराव नव्हता. ही संघाच्या घडणीतली उणीव, आणि तिच्यावर टीका जरूर व्हावी. उणिवेला भित्रेपणा म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. विश्रांतीचं कारणही अनेकांनी पुढे केलं. जॅक्सन आधीचे २० दिवस सामना खेळला नव्हता, पायात गंज चढला असेल, हे अगदीच अशक्य नाही. पण पहिली फेरी न खेळता आलेल्या चार संघांपैकी उरलेले तीन त्याच शनिवार-रविवारी जिंकले, तेव्हा विश्रांतीवर सगळा भार टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मग बाद फेरी हवीच कशाला? साखळीतल्या अव्वल संघाला करंडक देऊन मोकळं व्हावं. मी तसं म्हणणार नाही. बाद फेरीतली थरारकता खरी आहे, आणि टायटन्ससारख्या संघाला मिळणारी संधीही मोलाची आहे. करंडक म्हणजे एका ठरलेल्या कसोटीला उतरल्याचं बक्षीस. ते ज्याने मिळवलं त्याचं निर्विवाद कौतुक व्हावं. पण ती कसोटी सर्वोत्तम संघ शोधण्यासाठी आखलेलीच नाही. आपल्या आयपीएलमध्ये साखळीतल्या पहिल्या दोन संघांना पहिला प्ले-ऑफ हरल्यावरही दुसरी संधी मिळते. अमेरिकन बास्केटबॉलमध्ये प्रत्येक फेरीत सातांतले चार सामने जिंकावे लागतात, तिथे एका वाईट रात्रीने मोसम संपत नाही. फुटबॉलला ही चैन परवडत नाही, कारण या खेळातल्या धडका इतक्या जबर असतात की शरीर सावरायला आठवडा लागतो. सात सामन्यांची मालिका दीड महिना चालेल आणि खेळाडू जायबंदी होतील. एका सामन्यावर निकाल लावणं ही इथली अपरिहार्यता आहे. लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडणारे मतदार तेवढं भान ठेवतात: मतं साखळी संपताच दिली जातात. पराभवानंतर तीन आठवड्यांनी निकाल जाहीर झाला तेव्हा जॅक्सनच्या बाजूने ५० पैकी ५० मतं पडलेली होती. एकमताने हा मान मिळवणारा तो टॉम ब्रेडीनंतरचा दुसराच खेळाडू.

क्लबनेही त्या शनिवारच्या भीतीने घर मोडलं नाही. हार्बॉ राहिले, जॅक्सन राहिला, धावण्यावरचा भरही तसाच राहिला. २०२० मध्ये रेव्हन्स पुन्हा ३,००० यार्डांच्या वर धावले. सलग दोन मोसमांत हे करणारा तो पहिला संघ. १० जानेवारी २०२१ ला बाद फेरीत पुन्हा टायटन्सच समोर आले, या वेळी त्यांच्या घरी, नॅशव्हिलला. रेव्हन्स पहिल्याच सत्रात ०-१० असे मागे पडले. या खेपेला त्यांनी धावणं सोडलं नाही. जॅक्सन ४८ यार्ड धावत जाऊन टचडाउन करून आला, हेन्रीला बचावाने ४० यार्डांवर रोखलं, आणि सामना २०-१३ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात बफेलोने त्यांना १७-३ असं हरवलं, आणि जुना शेरा पुन्हा लोकांच्या तोंडी आला.