जेऊरचा पोरगा निर्माता होतो तेव्हा…

नागराज मंजुळे म्हटलं की सगळे दिग्दर्शकाबद्दल बोलतात. मी आज त्यांच्यातल्या निर्मात्याबद्दल लिहितोय, कारण सिनेमात कुणाची गोष्ट पडद्यावर येणार हे बऱ्याचदा पैसा उभा करणारा ठरवतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं जेऊर हे त्यांचं गाव. समाज वडार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारा. घरात सिनेमाचा वारसा नाही, मुंबईत ओळख नाही. नगरला मास कम्युनिकेशन शिकताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘फँड्री’ या सिनेमात (२०१३) जब्या झालेला सोमनाथ अवघडे करमाळ्याजवळच्या केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. ऑडिशनच्या रांगेत तो कधी दिसला असता का, सांगा!

पुढे ‘सैराट’च्या (२०१६) निर्मितीत झी स्टुडिओजसोबत त्यांची स्वतःची ‘आटपाट’ संस्था होती. १०० कोटींच्या पुढे गेलेला हा पहिला मराठी सिनेमा, आणि नायिका आपल्या अकलूजची! माझ्या मते खरी उडी त्यानंतरची. ‘सैराट’चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ‘नाळ’ (२०१७) दिग्दर्शित केला, तेव्हा मंजुळे निर्माते म्हणून मागे उभे राहिले.

असंच आधी दुसरीकडेही घडलंय. अमेरिकेत बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटला ‘मोटाउन’ची सुरुवात केली. धंदा गाण्यांचा, पण मुद्दा हाच: गाणारेही आपले, कंपनीही आपली. तमिळ सिनेमात दिग्दर्शक पा. रंजित आपल्या ‘नीलम’ या निर्मितीसंस्थेतून हेच करतात. आटपाटच्या सिनेमांची श्रेयनामावली एकदा शेवटपर्यंत थांबून वाचा.