उचल आणि व्हिसा

चिरनेर म्हटले की वाचकांना 25 सप्टेंबर 1930 चा जंगल सत्याग्रह आठवतो. मला येथे वेगळे मांडायचे आहे. परदेशी मजुरीला जाणाऱ्या माणसाची किंमत तिथल्या बाजारात ठरते, असा आपला समज असतो. ती बहुतांशी तो घरून निघण्यापूर्वीच ठरलेली असते. हे मला पुस्तकांपेक्षा आमच्या भागातील कातकऱ्यांकडे पाहून अधिक नीट कळले.

पावसाळा सरला की रायगडातील कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. त्याआधीच मुकादम उचल देऊन गेलेला असतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कुणी आजारी असते. घेतल्याशिवाय गत्यंतर नसते. एकदा उचल घेतली की मजुरीचा दर विचारायची सोय उरत नाही. हिशेब हंगाम संपल्यावर, आणि तोही मालकाच्या वहीत. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. वही चालूच आहे.

आखातात जाणाऱ्या गवंड्याचा, सुताराचा, सफाई कामगाराचा व्यवहार वरकरणी याच्या उलटा. भट्टीवर मालक आगाऊ पैसे देतो, येथे मजूरच आगाऊ पैसे भरतो. नोंदणीकृत एजंटाने 30,000 रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेऊ नये असा नियम आहे. पण मधे दलालांची साखळी असते आणि प्रत्येकजण आपला वाटा काढतो. मजूर बायकोचे दागिने मोडतो, व्याजाने पैसे काढतो आणि कर्जदार म्हणूनच विमानात बसतो. तेथे उतरल्यावर कबूल केलेला पगार मिळाला नाही, तरी परतायचे कोणत्या तोंडाने? उचल घेतली काय किंवा दिली काय, ‘नाही’ म्हणण्याची ताकद आधीच गहाण पडलेली असते.

त्यावर कफाला पद्धत. व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. त्याच्या संमतीविना नोकरी बदलणे कठीण. कतारने 2020 मध्ये ही संमतीची अट काढली आणि 2021 पासून कोणत्याही देशाच्या कामगाराला 1,000 रियाल किमान वेतन लागू केले. सुधारणा मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण कायदा बदलला म्हणून गावाकडच्या सावकाराचे व्याज थांबत नाही.

पासपोर्टाचीही एक उतरंड असते. एकाच कामाला वेगवेगळ्या देशांच्या माणसांना वेगवेगळा पगार, हे आखातात उघडपणे चालत आले. जातीप्रमाणे कामाचे मोल ठरताना पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. मात्र ही उतरंड केवळ शेख लोक रचतात असे नाही. फिलिपाइन्सने 2006 मध्ये आपल्या घरकामगारांसाठी महिना 400 डॉलरची किमान अट घातली. आपल्या सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये आखातासाठीचे किमान वेतन 30 ते 50 टक्क्यांनी खाली आणले, का तर रोजगार टिकावा म्हणून! ओरड झाल्यावर 2021 मध्ये ते मागे घेतले.

आमच्याकडे 1989 साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरची गोदामे पसरली. तेथे राबणाऱ्या उत्तरेकडच्या कंत्राटी मजुराला जो ‘परप्रांतीय’ म्हणून हिणवतो, त्याचाच मुलगा मस्कतमध्ये तसाच परका म्हणून खपत असतो. दोघांची गाठ पडत नाही, हे कंत्राटदाराच्या पथ्यावर पडते.

शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1983 च्या स्थलांतर कायद्याखालील व्यवस्थेत, दहावी न झालेल्या मजुराला आखातासह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. हेतू संरक्षणाचा, पण ती टाळण्यासाठी दलाल त्याला पर्यटक व्हिसावर पाठवतो, म्हणजे तेथे तो कामगार म्हणून कागदावर असतच नाही. बारावी झालेला तंत्रज्ञ या चाळणीतून सुटतो. आणि दहावी कुणाची राहते? दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर गेलेले पोर मे महिन्यात परत येते, तेव्हा शाळेला सुट्टी लागलेली असते.