उजेडात मोठी होणारी बाहुली

डोळे तपासताना बाहुली मोठी करायला जे थेंब घालतात, त्या बाटलीचं लाल टोपण निदानालाही कामी येतं. एक डोळा झाकून टोपण बघायचं, मग दुसरा झाकून. डोळ्यामागची ऑप्टिक नर्व्ह सुजली असेल तर त्या बाजूने लाल रंग विटल्यासारखा दिसतो. मग टॉर्च. चांगल्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आवळतात. टॉर्च झटकन दुखऱ्या डोळ्याकडे नेला की तिथली बाहुली, उजेड समोर असूनही, चक्क मोठी होते! बाहुली बिघडलेली नसते. तिला हुकूम मेंदूकडून सुटतो, आणि या डोळ्याकडून मेंदूला उजेडाची खबरच अर्धीमुर्धी पोहोचते. त्याला वाटतं, अंधारलं.

कोविडनंतर, आणि क्वचित लशीनंतरही, अशी सूज आलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. ही नस म्हणजे दहा-बारा लाख तंतूंची जुडी, प्रत्येक तंतूवर मायलिनचं वेष्टण. विषाणू तिथवर जायलाच हवा असं नाही. खवळलेली प्रतिकारशक्ती घरच्याच वेष्टणावर उलटते. काहींच्या रक्तात मायलिनवरच्या ‘मॉग’ प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. डोळा फिरवला की कळ येते, कारण तो हलवणारे काही स्नायू मागे नसेच्या आवरणालाच चिकटलेले असतात.

हातापायांच्या नसांवर असाच हल्ला झाला की त्याला गियां-बारे सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडमधल्या 3.2 कोटींहून अधिक लसवंतांच्या नोंदींचा अभ्यास 2021 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर, म्हणजे पुण्याच्या सीरमने कोविशील्ड म्हणून बनवली तीच, महिनाभरात दर कोटी लोकांमागे या आजाराचे 38 जादा रुग्ण निघाले. कोविड झाल्यावर 145. आता 38 म्हणजे काही शून्य नव्हे. ज्याच्या घरात हे दुखणं आलं त्याला ‘योगायोग असेल हो’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. पण लशीला भिऊन 145 वाल्या रांगेत उभं राहणं, हे तर त्याहून अजब.

ऑप्टिक नर्व्हच्या सुजेवर बहुधा शिरेतून स्टिरॉइड देतात, आणि बऱ्याच जणांची नजर काही आठवड्यांत पुष्कळशी परतते. तरी एक खूण राहते. पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी उलटसुलट होत असताना डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावले, तर निरोगी डोळ्याची खबर सुमारे 100 मिलिसेकंदांत नोंदते. बरा झालेला डोळा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो, पण त्याची खबर अजून उशिराच येते. अशा माणसाला डावी-उजवीकडे सरळ रेषेत झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसू शकतो. एक डोळा सांगतो लंबक आत्ता कुठे आहे, दुसरा सांगतो निमिषापूर्वी कुठे होता. मेंदू या तफावतीतून नसलेली खोली उभी करतो. जर्मनीच्या कार्ल पुलफ्रिश यांनी 1922 मध्ये या चमत्काराची उकल मांडली. त्यांना स्वतःला मात्र तो कधीच दिसला नाही, कारण त्यांचा एक डोळा आधीच गेलेला होता.