लहान आहे, त्याला काय कळतंय?

घरातलं एखादं मूल गेलं की येणाराजाणारा आईवडिलांचं सांत्वन करतो. दाराआड उभ्या असलेल्या चार-पाच वर्षांच्या भावंडाचा विषय एका वाक्यात संपतो: 'लहान आहे, त्याला काय कळतंय! तेराव्यापर्यंत मावशीकडे राहू दे.' सांगणाऱ्याला माया असते, पण सल्ला चुकीचा असतो.

रांगतं बाळसुद्धा रोजचा चेहरा दिसेनासा झाला की त्याला शोधतं, किरकिर करतं, रात्री दचकून उठतं. चार वर्षांच्या मुलाला दुःख पुरेपूर होतं. त्याला कळत नाही तो मरणाचा कायमपणा. मारिया नागी यांनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटत होता. मेलेला माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काहीच करत नाही आणि हे सगळ्यांनाच चुकत नाही, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात उमगू लागतात. म्हणून दहाव्यांदा 'दादा कधी येणार?' असं विचारणाऱ्या मुलावर चिडू नये. त्याला उत्तर पुन्हा हवं असतं, आणि तेच हवं असतं.

'देवबाप्पाकडे गेला' म्हटलं की पुरे?

श्रद्धाळू घराने ते जरूर म्हणावं, पण तेवढ्यावर थांबू नये. मुलं शब्दाला शब्द धरून चालतात. 'झोपलाय' असं ऐकलेलं मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. 'गावाला गेलाय' ऐकलेलं मूल वाट पाहतं, न सांगता गेला म्हणून रुसतं आणि पुढे बाबा कामासाठी परगावी निघाले की त्यांच्या पायाला मिठी मारतं. 'देवाला चांगली मुलं आवडतात' हे तर सगळ्यात वाईट. त्यातून चांगलं वागणं धोक्याचं आहे एवढंच मूल शिकतं.

त्यापेक्षा शरीराबद्दल सरळ सांगावं: 'ताईचं शरीर खूप खूप आजारी होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, तरी ते बरं झालं नाही. ती मेली. आता ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, काही दुखत नाही. ती परत येणार नाही.' लगेच पुढे सांगायचं, की तुला सर्दीताप आला म्हणून असं होत नाही. शरीराला काही जाणवत नाही हे आधी सांगितलेलं असेल, तर 'तिला भाजलं का?' या प्रश्नालाही उत्तर देता येतं. हा प्रश्न येतोच. दहाव्याला पिंडाजवळ कावळा आला की 'ती आता कावळा झाली?' असंही मूल विचारतं. आपल्या घरात काय मानतात ते सांगावं, पण हसण्यावारी नेऊ नये.

अंत्यदर्शनाला नेलं तर मूल कायमचं घाबरेल, हीही अशीच एक समजूत. तिथे काय दिसेल, कोण रडेल, हे आधी समजावलं आणि हात धरून एक शांत माणूस सोबत ठेवला, तर निरोप घेणं मुलाला मदतच करतं. मात्र त्याला विचारावं. नको म्हणालं तर ओढून नेऊ नये.

'तो तर खेळतोय, विसरला!'

मुलांचं दुःख श्रावणातल्या उन्हापावसासारखं असतं. आता हमसून रडतील, पाच मिनिटांनी गाडी पळवतील. खेळण्यातला ट्रक दवाखान्यात जाऊन परत येत नसेल, तर तेही रडणंच आहे. पोटात दुखणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, बोबडं बोलणं हीसुद्धा त्याच दुःखाची रूपं. त्यासाठी ओरडा बसू नये.

'त्याच्या मनात कसला अपराध असणार?'

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या गैरसमजाने होतं. लहान मुलाला वाटतं, मनात आणलं की तसं घडतं. भांडणात 'तू मला नकोच' म्हटलेलं असतं, खेळणं हिसकावलेलं असतं, आई सतत दवाखान्यात म्हणून राग आलेला असतो. आणि मग भाऊ खरंच जातो. केन, फास्ट आणि एरिक्सन यांनी १९६४ साली, भावंड गेल्यानंतर उपचारांसाठी आणलेल्या मुलांच्या नोंदी अभ्यासल्या. जवळपास निम्म्या मुलांमध्ये अपराधीपणा उघड दिसत होता. ही मुलं उपचारांत होती, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लावता येणार नाही. तरी मूल बोलण्याची वाट न पाहता आपणच सांगावं: 'तू काही बोललास, काही केलंस, म्हणून हे झालं नाही.'

इथे मोठी माणसं आगीत तेल ओततात. 'पायगुण' काढतात, धाकटीच्या जन्मानंतर थोरला गेला की तिच्याकडे बोट दाखवतात. हे तिच्या कानावर पडतंच. कुणी पाहुणा असं बोलला तर त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं, मग तो वयाने कितीही मोठा असो.

'आता तूच दोघांच्या वाटचं हो' हेही त्यातलंच. पीटर पॅनचे लेखक जे. एम. बॅरी सहा वर्षांचे असताना, १८६७ साली, त्यांचा तेरा वर्षांचा भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात गेला. आई अंथरुणाला खिळली. तिला बरं वाटावं म्हणून छोटा बॅरी डेव्हिडचे कपडे घालून त्याच्यासारखी शीळ घालायला शिकला. हे त्यांनी स्वतःच आईवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. बॅरीला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे तर मुलाला तसं तोंडावर सांगतात.

मुलासमोर रडू नये असंही म्हणतात. रडावं. फक्त 'मला दादाची आठवण येते म्हणून रडतेय, तुझ्यामुळे नाही' एवढं सांगावं, आणि जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा शक्य तेवढ्या नेहमीच्या ठेवाव्यात. फोटो आणि कपडे घाईने हलवू नयेत. एखादी वस्तू मुलाला स्वतःजवळ ठेवायला द्यावी. वर्गशिक्षिकेला आधी कळवावं, म्हणजे 'तुम्ही भावंडं किती?' या प्रश्नावर मूल अडखळलं तर ती सांभाळून घेईल. 'दोन' आणि 'एक', दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, हे मुलालाही सांगून ठेवावं.

दुःख वर्षभरात संपतं असं नाही. कळतं वय आलं की तेच प्रश्न नव्याने येतात, विशेषतः थोरला गेला त्या वयाला धाकटा पोचतो तेव्हा. पण महिनोन् महिने खाणं, झोप, शाळा, खेळ रुळावर येत नसेल, किंवा मूल 'मलाही त्याच्याकडे जायचंय' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटावं. केंद्र सरकारच्या टेलिमानस या १४४१६ क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं. मुलासाठी नको वाटलं, तर आईबाबांनी आधी स्वतःसाठी फोन करावा.